एका व्याख्यानाचे फलित

शाळेचा निरोप घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींपुढे एखाद्या डॉक्टरांना, वकिलांना किंवा बँक अधिकाऱ्यांना आणून उभे करण्याची प्रथा आता आपल्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. परिचय, पुष्पगुच्छ, तासभर भाषण, आभार आणि चहा असा तिचा साचाही ठरून गेला आहे. अशाच एका भाषणातून पुढे एक शास्त्र उभे राहिले, ही हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती अमेरिकेतील बॉस्टन शहरातील आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात इटली व पूर्व युरोपातून आलेल्या निर्वासित व स्थलांतरित कुटुंबांची दाटी झाली होती. त्यांतील इटालियन बहुतांशी कॅथलिक, तर पूर्व युरोपातून आलेले मुख्यत्वे ज्यू होते. चौदा वर्षे पूर्ण होताच मुले शाळा सोडीत आणि जे काम प्रथम हाती लागेल ते पत्करीत. काही जिद्दी मुले दिवसभर राबून रात्रीच्या माध्यमिक शाळेत शिकत. या वस्तीत १९०१ साली सिव्हिक सर्व्हिस हाऊस हे सेवाकेंद्र सुरू झाले. त्याचे संचालक मेयर ब्लूमफील्ड रुमानियात जन्मलेले, स्वतःच स्थलांतरित कुटुंबातले, परंतु हार्वर्डचे पदवीधर. शाळा संपल्यावर या मुलांचे काय होते, हा प्रश्न त्यांना परका नव्हता.

१९०७ मध्ये रात्रशाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलांशी बोलण्यासाठी त्यांनी फ्रँक पार्सन्स यांना पाचारण केले. ही निवड मार्मिक होती, असे आम्हांस वाटते. पार्सन्स कॉर्नेल विद्यापीठात अभियांत्रिकी शिकले. ज्या रेल्वे कंपनीत लागले तिचे दिवाळे निघाले. मग त्यांनी पोलादाच्या कारखान्यात मजुरी केली, शाळेत शिकविले, वकिलीची परीक्षा दिली, प्रकृती ढासळल्यामुळे न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या हवेत काही वर्षे काढली आणि पुढे बॉस्टन विद्यापीठात कायदा शिकविला. मध्येच एकदा ते महापौरपदासाठी उभे राहून पडलेही! आपला मार्ग सापडावयास किती वर्षे वाया जातात, हे सांगण्यास याहून योग्य माणूस कोठे मिळणार?

भाषण संपले आणि मुले भोवती गोळा झाली. आमच्याशी एकेकट्याने बोला, अशी त्यांची मागणी होती. पार्सन्स बोलले. एकामागून एक भेटी सुरू झाल्या, आणि या कामाला घर व वेळापत्रक हवे हे स्पष्ट झाले. श्रीमती पॉलिन अगासिझ शॉ यांनी आर्थिक भार उचलला आणि १३ जानेवारी १९०८ रोजी व्होकेशन ब्युरो उघडला. व्यवसाय मार्गदर्शनाचा इतिहास बहुधा येथूनच मोजतात.

पार्सन्स यांची रीत साधी होती. प्रथम मुलाने स्वतःची पारख करावी: आवड, कुवत, साधने, उणिवा. मग निरनिराळ्या व्यवसायांची खरी माहिती मिळवावी: तयारी किती, वेतन किती, वाव किती. शेवटी या दोहोंचा मेळ विवेकाने घालावा. निर्णय मुलाचाच, सल्लागाराने तो लादू नये. त्यांच्या पद्धतीत दोषही होते. डोक्याच्या ठेवणीवरून स्वभाव ताडण्याचा त्या काळचा भ्रम त्यांच्याही टिपणांत डोकावतो. तरीही त्या तीन पायऱ्या आजही टिकून आहेत.

२६ सप्टेंबर १९०८ रोजी, ब्युरोला पुरते नऊ महिनेही झाले नसताना, पार्सन्स निवर्तले. त्यांचे पुस्तक दुसऱ्याच वर्षी मरणोत्तर प्रसिद्ध झाले. त्याच १९०९ साली बॉस्टनच्या शाळा समितीने ब्युरोची मदत मागितली आणि शंभराहून अधिक शिक्षकांवर मार्गदर्शकाचे काम सोपविले. येथे आम्हांस विशेष मोलाची वाटते ती एक गोष्ट. उद्योगधंद्यांतील जाणकार पाहुणे या शिक्षकांपुढेही बोलू लागले. पाहुणा तासाभराने निघून जातो, शिक्षक मुलाजवळ राहतो. तेव्हा माहिती त्याच्यापाशी साठणेच शहाणपणाचे होते. ब्युरोने काढलेल्या पुस्तिकांतही वास्तुशिल्पज्ञ आणि बँक यांच्या पंक्तीस यंत्रकारागीर, पाववाला आणि किराणा दुकानदार बसले होते. मुलींसाठी दुसऱ्या एका संस्थेने टेलिफोन, पुस्तकबांधणी इत्यादी कामांवर पुस्तिका काढल्या. आपल्या व्यासपीठावर सुतार किंवा परिचारिका पाहुणे म्हणून बसल्याचे वाचकांनी किती वेळा पाहिले आहे?

१९१३ मध्ये ग्रँड रॅपिड्स येथे या कार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारतात ही लाट यावयास बराच अवधी लागला. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ साली मार्गदर्शन केंद्र काढले, तर मुंबई सरकारने १९५० साली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून प्रशिक्षित मार्गदर्शक असावेत अशी शिफारस केली. तोपर्यंत नॉर्थ एंडमधील ती मुले पन्नाशी ओलांडून गेली होती.