असईचे साहेब आणि कोपऱ्यावरचा पब

ऑनसाइटला गेलेल्या जालन्याच्या माणसाने इंग्लंडात पबच्या पाट्या वाचत फिरावं. ‘रेड लायन’, ‘क्राउन’ ही नेहमीची नावं मागे टाकली की कुठेतरी ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ भेटतोच. पाटीवर बहुधा लाल कोटातले, लांब नाकाचे एक साहेब असतात. इंग्रज त्यांना वॉटर्लूमुळे (१८१५) ओळखतो. आपली ओळख त्याहून बारा वर्षं जुनी आहे!

२३ सप्टेंबर १८०३. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं प्रचंड सैन्य. त्यात पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याखालची कवायती पलटणं आणि जबरदस्त तोफखाना. दुसऱ्या बाजूला ३४ वर्षांचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्याकडे साडेचार हजारांच्या आसपास कंपनीची फौज, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार.

वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. त्याने ताडलं, गावं अशी वसलीत म्हणजे मधे उतार असणारच. आणि होता! डॉक्युमेंटेशनवर विसंबून न राहता सिस्टीम स्वतः बघायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण ही जिंकणं स्वस्तात पडलं नाही. वेलस्लीचे १५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, म्हणजे जवळजवळ दर तिघांमागे एक. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफेपाशीच संगिनींनी मारले गेले. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकल्यावर त्यांच्याच पाठीवर तोफा डागू लागले. तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारल्यावर वेलिंग्टनने वॉटर्लू नव्हे, असई सांगितली म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, यात बिअर कुठे आली? सांगतो.

हेच साहेब १८२८ साली इंग्लंडचे पंतप्रधान झाले. तेव्हा तिथे दोन दुखणी होती. एक म्हणजे गरीब वस्त्यांतली जिन. दुसरं म्हणजे पबचे परवाने स्थानिक मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर, आणि मोठे बिअरवाले पबच विकत घेऊन टाकत, म्हणजे तिथे फक्त त्यांचाच माल. थोडक्यात, लायसन्स-परमिट राज! वेलिंग्टनच्या सरकारने १८३० मध्ये बिअरहाउस कायदा केला. बिअरवरचा कर रद्द. घरपट्टी भरणाऱ्या कुणीही दोन गिनी भरायच्या आणि राहत्या घरात बिअर गाळून विकायची. कल्पना अशी, की बिअर स्वस्त झाली की लोक जिन सोडतील.

झालं काय? आठ-दहा वर्षांत चाळीस हजारांहून जास्त बिअरघरं निघाली. पहिल्याच वर्षात दारूड्यांची ओरड सुरू झाली. शेवटी १८६९ मध्ये परवाने पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या हाती गेले. पण गल्लीच्या कोपऱ्यावरचे कितीतरी छोटे पब त्याच लाटेतले. दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं, कारण मुळात तो कुणाचा तरी दिवाणखानाच होता.

तिथे गेलात तर नळाची थंडगार लागर सोडा, हातपंपाची रिअल एल मागवा. हे नाव लावलं ‘कामरा’ या ग्राहक संघटनेने. फॅक्टरीतल्या गाळलेल्या, गॅस भरलेल्या बिअरविरुद्ध १९७१ मध्ये ती उभी राहिली. रिअल एल पिंपातच शेवटचं आंबते, त्यात यीस्ट जिवंत असतं. तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवायची आणि पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवायची. पहिल्या घोटाला आपल्याला ती कोमट आणि ‘सपक’ वाटते. दुसऱ्या घोटाला माल्टचा करपट गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा कळू लागतो. घाई करायची नाही, पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो!

असो. मला खुपतं ते वेगळंच. वेलिंग्टनच्या त्या दिवशीच्या घोड्याचं नावसुद्धा (डायोमेड) इतिहासात नोंदलंय. तोफेपाशी मेलेल्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं. हरलेल्यांची आठवण ठेवायला पब लागत नाही, पाटी पुरते. पुण्या-मुंबईहून अजिंठ्याला आपण वीकएंडला जातोच. पुढच्या खेपेला गाडी थोडी आत वळवा. केळना आणि जुई दोन्ही अजून तिथेच आहेत, आणि उतार कुठे होता हे गावांकडे बघून ताडता येतं.