पन्नीर द्राक्षाची ओळख

कुंभकोणाहून गंगैकोंडचोळपुरमकडे जाणारी वाट चोळपुरम् या गावावरून जाते. कावेरी आणि कोळ्ळिडम् या दोन प्रवाहांमधला हा प्रदेश भाताचा आणि नागवेलीचा. कुंभकोणाचे विड्याचे पान साऱ्या तमिळ देशात नावाजलेले आहे. मराठी मनाला हा मुलूख परका नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते आणि १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास बृहदीश्वराच्या मंदिरात आजही उभा आहे.

अशा या सुपीक भूमीत द्राक्षाचा मांडव मात्र सहसा दिसत नाही. भाताला पायाशी पाणी हवे, द्राक्षवेलीला ते मुळीच सोसत नाही. मुळाशी पाणी तुंबले की वेल खंगते. म्हणून तमिळनाडूतील द्राक्षाचे माहेर शोधावयाचे तर पश्चिमेकडे, थेनी जिल्ह्यातील कंबमच्या खोऱ्यात जावे लागते. नाशिकच्या बागा ज्या सह्याद्रीच्या आश्रयाने वाढल्या, त्याच पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाच्या छायेत हे खोरे पसरले आहे. तेथील काळसर, गोल, बियांच्या द्राक्षाला तमिळ भाषेत ‘पन्नीर द्राक्ष’ म्हणतात. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी, मंगलकार्यात पाहुण्यांवर शिंपडतात ते.

शास्त्रीय व्यवहारात या वाणाचे नाव ‘मस्कॅट हॅम्बर्ग’. आपल्याकडील द्राक्षविषयक पुस्तकांतून तो ‘गुलाबी’ या नावाने ओळखला जातो. चीनमध्ये त्याला ‘मेइग्वेइश्यांग’, म्हणजे गुलाबगंध, असे म्हणतात. परस्परांपासून दूर असलेल्या भाषांनी या फळाला नाव देताना एकाच फुलाची आठवण करावी, हा निव्वळ योगायोग नव्हे. मस्कॅट कुळातील द्राक्षांत जिरॅनिऑल, लिनॅलूल अशी सुगंधी द्रव्ये असतात. त्यांपैकी जिरॅनिऑल हे गुलाबाच्या अत्तराचेही एक मुख्य घटकद्रव्य आहे. लोकांच्या नाकाने जे आधी ओळखले, त्याला रसायनशास्त्राने नंतर दुजोरा दिला.

हे द्राक्ष दक्षिणेत आले कसे? सेलम आणि तेव्हाच्या मदुरा जिल्ह्यात ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी १८३२ च्या सुमारास द्राक्षवेली आणल्या, असे शेतीविषयक ग्रंथ सांगतात. कंबममध्ये हे श्रेय एका फ्रेंच पाद्र्याला देतात. कॅथलिक पूजाविधीत द्राक्षाचाच मद्यरस लागतो, तेव्हा पाद्र्याने वेल सोबत आणावी यात नवल नाही. फ्रेंच धर्मोपदेशकांचा वावर तमिळ देशात दीर्घकाळ होता. पुढे १८९९ साली पाँडिचेरीपासून वेगळे काढून कुंभकोण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशपही फ्रेंच मिशनचेच होते.

परंतु येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. इंग्लंडमधील उद्यानविषयक ग्रंथ मस्कॅट हॅम्बर्गचे श्रेय बेडफर्डशायरमधील रेस्ट पार्क येथील माळी स्नो याला देतात आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा मानतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीने त्याचे मातापिताही निश्चित केले: एक आल्प्सच्या परिसरातील ‘स्कियावा ग्रोसा’, दुसरे प्राचीन ‘मस्कॅट ऑफ अलेक्झांड्रिया’. स्कियावालाच इंग्लंडात ‘ब्लॅक हॅम्बर्ग’ म्हणत. संकराच्या नावात जर्मन शहर शिरले ते त्या वाटेने. हा काळ खरा धरला तर १८३२ ही मिती द्राक्षवेलीच्या आगमनाची, आजच्या वाणाची नव्हे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पहिल्या वेलीने वाट पाडली आणि गुलाबी तिच्यामागून आली, असा क्रम संभवतो. दंतकथा याने खोटी ठरत नाही. तिची मर्यादा तेवढी कळते.

वेल आली तरी तिला पाणी हवे होते. १८९५ साली पेनिक्विक या इंग्रज अभियंत्याने बांधलेल्या पेरियार धरणामुळे पश्चिमेस समुद्राकडे वाहून जाणारे पाणी बोगद्यातून पूर्वेला वळले आणि कंबमच्या खोऱ्यात खेळू लागले. आजही तेथील शेतकरी त्याचे नाव कृतज्ञतेने घेतात. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी आणि वर्षाकाठी एकच पीक, असा रिवाज आहे. तमिळनाडूत मात्र गुलाबीची उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशी दोन पिके घेतात. २०२३ साली कंबमच्या पन्नीर द्राक्षाला भौगोलिक मानांकनही लाभले.

मग पाद्र्याच्या पेल्यासाठी आलेल्या या कुळाचा मद्यव्यवसाय येथे का फोफावला नाही? एक कारण राज्यकारभारात सापडते. १९३७ साली राजाजींच्या मंत्रिमंडळाने सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली आणि १९४८ पर्यंत ती सर्व मद्रास प्रांतात पसरली. १९७१ साली ती प्रथम उठली. ऐन वाढीच्या काळात गुलाबी फळबाजाराकडे वळली. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षमद्याला उत्तेजन देणारे धोरण स्वीकारले, तेव्हा नाशिककडे प्रामुख्याने काबर्ने सोविन्याँ आणि शिराज या फ्रेंच वाणांची लागवड झाली. गुलाबी मागे राहिली.

या द्राक्षाची गोडी ओळखण्यास विशेष विद्या लागत नाही. घड प्रथम हुंगावा, मग मणी दातांखाली फोडावा. गोडीपाठोपाठ गुलाबाचा मंद वास टाळूकडे चढतो. मण्यांची पक्वता सारखी नसते, म्हणून घडात काही हिरवट मणी आढळले तर तो वाणाचाच स्वभाव समजावा. याच्या तांबड्या मद्यातही तोच गंध असतो. रंग फिकट, चव सौम्य. ते वर्षानुवर्षे मुरवण्याचे मद्य नव्हे, कारण सुगंध हेच त्याचे धन आणि काळ ते धन सर्वांआधी हिरावून नेतो. कॅलिफोर्नियात आणि चीनमध्ये ते आजही होते. कंबमच्या खोऱ्यात मात्र पन्नीर द्राक्ष टोपल्यांत भरून फळ म्हणूनच बाजाराला जाते, आणि कावेरीकाठच्या गिऱ्हाइकाला त्याच्या नावावरूनच त्याचा वास कळतो.