पाहुणे कुणाच्या घरी उतरतात? आयर्लंडमधल्या एका खोऱ्याची गोष्ट



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक दोन तास लांबली. शहरातले एक गृहस्थ आले होते. आमच्या खोऱ्यात पर्यटन सुरू करायचं, असं म्हणत होते. जागा ते घेणार, झोपड्या ते बांधणार. आम्ही बायांनी नऊवारी नेसून चुलीवर भाकरी करायची, जात्यावर दळून दाखवायचं आणि दिवसाला साडेतीनशे रुपये घ्यायचे. काही जणी लगेच तयार झाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात हाताला काम नसतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण आमच्यातल्या एक आक्का म्हणाल्या, "चूल माझी, भाकरी माझी, बोलणं माझं. मग मी माझ्याच घरात रोजानं का जायचं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मी शोधत बसले, की खेड्यातल्या माणसांनी स्वतःच पाहुण्यांची सोय केली, असं कुठं झालंय का? तेव्हा एका खोऱ्याची माहिती मिळाली. ते आहे फार लांब, आयर्लंड देशात. मी तिथं गेलेली नाही, वाचलेलं सांगते. पण ऐकताना तुम्हाला परकं वाटणार नाही.

आयर्लंडच्या वायव्येला डोनेगॉल नावाचा परगणा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक समुद्राच्या काठी ग्लेनकोलमकिल हे खोरं आहे. ग्लेन म्हणजे खोरं, आणि कोलमकिल हे संताचं नाव. हे संत सहाव्या शतकात होऊन गेले. दरवर्षी ९ जूनला त्यांचा दिवस असतो. त्या दिवशी भाविक खोऱ्यातून सुमारे पाच किलोमीटर चालतात. वाटेत १५ थांबे आहेत. कुठं दगडांची रास, कुठं कोरीव उभी शिळा, कुठं पवित्र विहीर. लोक प्रार्थना म्हणत तिथं प्रदक्षिणा घालतात. जुनी रीत अनवाणी चालायची. या फेरीला ते 'तुरस' म्हणतात, म्हणजे प्रवास. आपल्याकडच्या वारकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

बघायला तिथं आणखी पुष्कळ आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या, मोठमोठ्या शिळा रचून बांधलेल्या समाध्या आहेत. जवळच स्लीव लीग नावाचा कडा समुद्रातून सुमारे ६०० मीटर वर येतो. युरोपातल्या सगळ्यात उंच समुद्रकड्यांत त्याची गणना होते. मालिन बेग गावाजवळ घोड्याच्या नालेसारखी वाळूची पुळण आहे, तिथं लांबच लांब पायऱ्या उतरून जावं लागतं. डोंगरात मेंढ्या, आणि वारा तर बारा महिने.

पण मैत्रिणींनो, हा कडा आणि हा समुद्र तिथं पहिल्यापासूनच होता. तरीही लोक उपाशी होते. आपल्या गावाबद्दल बोलताना आपण हेच विसरतो. धबधबा आहे, गड आहे, म्हणजे आता पैसा येईल असं आपल्याला वाटतं. नुसत्या कड्यानं कुणाचं पोट भरत नाही.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं खाणं म्हणजे बटाटाच होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि आजारानं मेली. त्याहून जास्त माणसं देश सोडून गेली. त्यानंतर परगावी जाणं ही डोनेगॉलची रीतच झाली. तिथली तरुण मुलं-मुली हंगामात बोटीनं स्कॉटलंडला बटाटे काढायला जायची आणि शेताजवळच्या शेडमध्ये राहायची. आपल्याकडे ऊसतोडीला कोयता घेऊन जाणाऱ्या जोडप्यांना ही गोष्ट कळेल.

मागं राहिलेल्या बाया लोकरीचे मोजे आणि कपडे विणायच्या. सूत व्यापाऱ्याचं, माल व्यापाऱ्याचा, भाव व्यापाऱ्याचा. हातात पडायचं ते फार थोडं. यावर डोनेगॉलमध्ये उपाय शोधणारेही निघाले. १९०६ साली डन्ग्लो भागात १४ जणांनी मिळून सहकारी संस्था काढली आणि पुढं बायांसाठी विणकामाचा कारखाना सुरू केला. चौदा जण! आपल्या एका बचत गटाएवढेच.

आता एक वेगळी गोष्ट सांगते. १८८३ साली ॲलिस हार्ट नावाच्या इंग्रज बाई डोनेगॉलला आल्या. तिथली गरिबी पाहून त्यांनी घरगुती विणकाम पुन्हा उभं करण्यासाठी निधी काढला आणि माल लंडनमध्ये विकला. काम चांगलं होतं. पुढं १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. त्या प्रदर्शनात हार्टबाईंनी डोनेगॉलचं एक नमुना गावच उभं केलं. लोक तिकीट काढून यायचे आणि आयरिश कारागीर कसे कातता-विणतात ते बघायचे.

या बाईंच्या मनात कळवळा होता, यात शंका नाही. पण गाव कसं दाखवायचं हे त्यांनी ठरवलं. गाव शिकागोला गेलं, पण पाहुणे डोनेगॉलच्या घरी आले नाहीत. वाचताना मला आमच्या आक्काच आठवल्या.

आता ग्लेनकोलमकिलला परत येऊ. १९५१ साली तिथं फादर जेम्स मॅकडायर हे धर्मगुरू बदलून आले. खोऱ्यातली घरं बंद होत होती, तरुण माणसं जात होती. त्यांनी खोऱ्याचे पाच शाप मोजले. दवाखाना नाही, नळाचं पाणी नाही, वीज नाही, पक्का रस्ता नाही, उद्योग नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींनी ग्रामसभेत हीच यादी वाचली असेल.

त्यांनी सुरुवात केली ती सभागृहापासून. लोकांना एकत्र बसायला जागा हवी. ते सभागृह गावानं श्रमदानातून बांधलं. आयर्लंडात एक जुना शब्द आहे, 'मेहल'. शेजाऱ्यांनी मिळून एकाच्या शेतावर काम करायचं, मग दुसऱ्याच्या. आपल्याकडे त्यालाच इर्जिक म्हणतात. एका दिवसात साऱ्यांचे बैल एकाच्या रानात. ही ओळखीची रीतच त्यांनी मोठ्या कामाला लावली.

मग सहकारी संस्था निघाल्या. १९६०च्या दशकात भाजीपाल्यावर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. तो फार चालला नाही. पुढं तो उद्योग माशांच्या प्रक्रियेकडे वळला. विणकामाचीही सहकारी संस्था झाली. सगळं जमलंच असं नाही, हे मुद्दाम सांगते. यशाच्या गोष्टीत बुडालेल्या धंद्याचं नाव कुणी घेत नाही, आणि मग आपला एक धंदा बुडाला की आपल्याला वाटतं, आपणच नालायक.

१९६७ साली त्या लोकांनी लोकग्राम उभं केलं. समुद्राजवळ, शाकारलेल्या घरांची छोटी वस्ती. एक घर अठराव्या शतकातल्यासारखं, एक एकोणिसाव्या, एक विसाव्या. दगडी भिंती, वर गवताचं छप्पर. वाऱ्यानं उडू नये म्हणून छपरावरून दोर टाकून ते भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधलेले. एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की चूल, भांडी, बिछाना, दिवा कसे बदलत गेले ते दिसतं. जुन्या पद्धतीची शाळाही आहे. आतल्या कितीतरी वस्तू खोऱ्यातल्या लोकांनीच आपापल्या घरातून दिल्या. आजीचा चरखा, आजोबांचं पीट कापायचं अवजार. पीट म्हणजे दलदलीतली माती. ती विटेसारखी कापून, वाळवून जाळतात, आपण गोवऱ्या जाळतो तशी.

ज्या गरिबीची लाज वाटायची, तीच तिथं मांडून ठेवली. पण ती मांडली कुणी? त्या घरात राहिलेल्यांनीच. शिकागोचं गाव आणि हे गाव यांत मला हा फरक दिसला. आजही ते लोकग्राम नफ्यासाठी चालत नाही. चहाची खोली आहे, हस्तकलेचं दुकान आहे.

त्याच सुमाराला पाहुण्यांना राहायला शाकारलेल्या छोट्या घरांचीही वसाहत झाली. घर भाड्यानं घ्यायचं, स्वयंपाक आपला आपण करायचा. आजही खोऱ्यात अशी घरं आहेत, आणि काही घरांत मुक्काम व सकाळची न्याहारी मिळते.

या न्याहारीच्या घरांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. त्या काळी आयर्लंडात सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची. हा नियम १९७३ साली गेला. अशा देशात, रस्त्यापासून लांबच्या खोऱ्यात, लग्न झालेल्या बाईला पैसा मिळवायला वाटा किती? एक विणकाम, आणि दुसरी घरातली रिकामी खोली. आयरिश भाषेत घरच्या बाईला 'बान अन टी' म्हणतात. आयरिश बोलणाऱ्या भागांत उन्हाळ्यात भाषा शिकायला मुलं येतात आणि गावातल्या घरांत राहतात. त्यांचं खाणं-पिणं, झोपणं, बोलणं, सगळं या बान अन टीकडे असतं. या कामाला सरकार दर विद्यार्थ्यामागं पैसे देतं. म्हणजे जेवू घालणं आणि आपल्या भाषेत बोलणं हे काम आहे आणि त्याला मोल आहे, असं तिथं कागदावर लिहिलेलं आहे.

ग्लेनकोलमकिलमध्ये १९८४ साली मोठ्या माणसांना आयरिश शिकवणारी 'इजस गेल' ही संस्था सुरू झाली. देशोदेशीचे लोक तिथं येतात. सकाळी भाषा शिकतात. कुणी डोंगर चढतं, कुणी माग शिकतं, कुणी डोनेगॉलची फिडल वाजवायला शिकतं. आयर्लंडच्या माजी राष्ट्रपती मेरी मॅकअलीस यांनीही तिथं आयरिशचे धडे घेतले. जी भाषा बोलल्यावर एके काळी माणूस अडाणी ठरायचा, तीच शिकायला आता पाहुणे पैसे देऊन येतात. आपल्या घरी बोलतो त्या बोलीबद्दल आपण काय समजतो, याचा एकदा विचार करा.

सगळं छान झालं का? नाही. पर्यटनाचा हंगाम उन्हाळ्याचा. हिवाळ्यात वाऱ्यापावसात कोण येणार? तरुण मुलं आजही शिकायला, नोकरीला बाहेर जातात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढली, आणि हिवाळ्यात तिथं रात्री दिवा दिसत नाही, ही तक्रार तिथले लोक करतात.

आणि एक गोष्ट मला खटकली. जे वाचलं त्यात फादर मॅकडायर यांचं नाव पानोपानी आहे. त्यांनी कष्ट केले, १९८७ साली ते गेले, त्यांचा मान राहायलाच हवा. पण ज्या बायांनी मोजे विणले, पाहुण्यांच्या चादरी धुतल्या, न्याहारी केली, आजीचा चरखा लोकग्रामाला दिला, त्यांची नावं मला सापडली नाहीत. त्यांच्याशिवाय पाहुणा एक रात्रही तिथं राहिला नसता.

मागच्या आठवड्यात आमची पुन्हा बैठक झाली. ही सगळी गोष्ट मी तिथं सांगितली. आम्ही त्या गृहस्थांना अजून नाही म्हटलेलं नाही. पण चार प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतले आहेत. जागा कुणाच्या नावावर राहणार? पाहुण्यानं दिलेल्या शंभर रुपयांतले किती गावात राहणार? हंगाम संपल्यावर आम्ही काय करायचं? आणि आमच्या घरातलं, आमच्या देवाचं, आमच्या गाण्यांचं काय दाखवायचं आणि काय नाही, हे कोण ठरवणार? उत्तरं लेखी मिळाली की पुढं बोलू. तोवर दोन जणींनी आपल्या घरातली एक-एक खोली सारवून, रंगवून तयार करायला घेतली आहे. गटातून छोटं कर्जही मंजूर झालं. बघू या काय होतं ते.

आणखी एक ठराव झाला, आक्कांच्या सांगण्यावरून. या कामात जिनं जे केलं ते तिच्या पूर्ण नावानिशी वहीत लिहायचं. जातं कुणी दिलं, भिंत कुणी सारवली, पहिली भाकरी कुणी थापली. पहिलं नाव आक्कांचंच लिहिलं. जातं त्यांनीच दिलं आहे.

तुमच्या गावात असा कुणी प्रस्ताव घेऊन आला असेल, तर हे चार प्रश्न तुम्हीही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा.