पेरलेल्या बियाण्याचे भूमिगत शत्रू



रोहिणी सरते, मृगाच्या सरी येतात आणि तापीकाठच्या काळ्या रानांत पेरणीची एकच धांदल उडते. त्यानंतरचे आठ दिवस शेतकऱ्याच्या मोठ्या कसोटीचे असतात. बी मातीआड गेलेले असते आणि वाट पाहण्याखेरीज दुसरे काही हाती नसते. आठव्या दिवशी तासात मधूनमधून खंड दिसू लागले, की पहिला दोष पावसाला, दुसरा बियाण्याला आणि तिसरा नशिबाला दिला जातो. चौथा आरोपी मातीतच दडून राहतो. त्याची ओळख माणसाला कसकशी पटत गेली आणि त्याच्याशी झगडताना आपण काय मिळविले व काय गमाविले, हे आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगली सुभा झाला. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचे तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झरे शोधून ते भुयारी मार्गाने शहरात आणणारा कुंडी भंडारा येथेच बांधला गेला. जमिनीखालचे पाणी ओळखणारी विद्या अशी या गावी फार पूर्वीच नांदत होती. जमिनीखालच्या किड्यांची विद्या मात्र यावयाला आणखी तीन शतके लागली.

दरम्यान १६३० चा भीषण दुष्काळ येऊन गेला. शाहजहान त्या वेळी बऱ्हाणपुरातच होता. शहरात लंगर उघडले गेले आणि गोरगरिबांना पैसा वाटला गेला. दुष्काळात माणूस शेवटी बियाण्याचे धान्यही खातो, आणि पुढे पाऊस झाला तरी पेरावयाला घरात काही उरत नाही. म्हणूनच बैल आणि बियाणे यांसाठी तगाई देण्याची वहिवाट मोगली अमलात होती. इंग्रजांनीही ती १८८४ च्या कायद्याने चालू ठेवली. बियाण्याचे मोल सरकारला कळत होते, यात शंका नाही. पण तगाईने आणलेले बी मातीत पडल्यावर त्यातले किती उगवले व किती किड्यांनी खाल्ले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात लिहिला जात नसे.

शेतकऱ्याने आपल्या परीने उपाय शोधलेच होते. कौटिलीय अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या प्रकरणात कठीण कवचाच्या बियांना शेणाचा लेप द्यावा, असे सांगितले आहे. आपल्याकडे सरकीला शेणमाती चोळण्याची चाल होती. तिचा मुख्य हेतू सरकीवरची तंतूंची लव बसावी आणि बी चाड्यातून सुटे पडावे, हा होता. दुसरा उपाय दाट पेरण्याचा. चार दाणे किड्याला, दोन पाखराला, उरलेले आपल्याला, असा हिशेब मनाशी धरून बी सैल हाताने सोडावयाचे आणि जास्त उगवले तर विरळणी करावयाची. घरची सरकी स्वस्त होती, तोवर हा विमा परवडत असे.

शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे शेतकी संशोधन संस्था निघाली. तेथील कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये हिंदुस्थानातील पिकांच्या किडींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नागपुरास शेतकी महाविद्यालय उभे राहिले. निमाड जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात असल्यामुळे बऱ्हाणपूरची शेतकी नागपूरच्या खात्याकडे पाहत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ही वाट फुटली: विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. २००३ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. किड्यांना अर्थातच ही सरहद्द ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या कथेला वेगळे वळण दिले. अन्नासाठी इंग्लंडने जुनी कुरणे नांगरली, तेव्हा गवताच्या मुळांवर पोसलेली, तारेसारखी टणक, पिवळसर अळी नव्या पिकावर तुटून पडली. त्याच काळात बी. एच. सी. या रसायनाचा कीटकनाशक गुण आढळला. १८२५ मध्ये फॅरडेने ते तयार केले होते. पण शंभरांहून अधिक वर्षे त्याचा हा गुण अज्ञातच होता. बियाण्याला चोळलेल्या चिमूटभर भुकटीने पीक वाचू लागले. भारतात १९५२ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे त्याचा कारखाना निघाला आणि ती पांढरी भुकटी हां हां म्हणता खेडोपाडी पोहोचली. हुमणी, वाळवी, मुंग्या, सर्वांवर एकच औषध!

हा विजय फार काळ टिकला नाही. ऑल्ड्रिन, डील्ड्रिन यांसारखी औषधे लावलेले गव्हाचे दाणे टिपून १९६० च्या सुमारास इंग्लंडात पाखरे मोठ्या संख्येने मेली. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांच्या ग्रंथाने साऱ्या जगाचे लक्ष या विषाकडे वेधले. ते मातीत वर्षानुवर्षे राहते आणि चाऱ्यातून दुधातही उतरते, हे ध्यानी आले. भारतात १९६८ मध्ये कीटकनाशकांचा कायदा झाला, पण बी. एच. सी. वर बंदी यावयाला १९९७ साल उजाडावे लागले. ज्या पाखरांनी नांगरामागून चालत अळ्या वेचाव्यात, त्यांनाच आपण विष घातले होते.

आज प्रश्न पुन्हा वेगळ्या रूपाने उभा आहे. २००२ मध्ये बी. टी. कापूस आला आणि सरकी विकतच्या पाकिटातून येऊ लागली. एकेक बी मोजून टोबावे लागते. दाट पेरण्याचा जुना विमा संपला. बी. टी. चा गुण बोंडअळीसाठी आहे; मातीतल्या शत्रूंना त्याचे भय नाही. म्हणून ओळख अचूक हवी. खंड दिसताच दुबार पेरणीची घाई न करता खुरपे घेऊन तास उकरून पाहावे. बी मऊ होऊन कुजले असेल तर दोष बुरशीचा किंवा साचलेल्या पाण्याचा. बी नाहीसे झाले आणि जवळच वारूळ असेल तर मुंग्यांचा. अंकुर कुरतडलेला असून जवळ स्पर्श होताच वेटोळे करणारा, असंख्य पायांचा प्राणी सापडला, तर तो वाणी. रोप जमिनीलगत कापून पडले असेल, तर दिवसा ढेकळाखाली दडणारी काळपट अळी. रोप पिवळे पडून सहज उपटले गेले व मुळे खाल्लेली दिसली, तर तपकिरी डोक्याची, पांढरी, अर्धवर्तुळाकार हुमणी. आणि मूळ पोखरून त्यात माती भरलेली असेल, तर वाळवी.

निदान झाले की उपाय सोपा होतो. उन्हाळी खोल नांगरटीने हुमणीचे कोष उन्हात आणि पाखरांच्या चोचीत पडतात. कच्चे शेणखत हुमणीला व वाळवीला आमंत्रण देते, म्हणून ते पूर्ण कुजलेलेच घालावे. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. फांद्या हलवून ते पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. हे काम मात्र एकट्याचे नव्हे. शेजारच्या शिवारात भुंगेरे राहिले, तर आपला प्रयत्न वाया जातो. वाणीसाठी व कुरतडणाऱ्या अळीसाठी संध्याकाळी शेतात ओल्या गवताचे लहान ढीग ठेवावेत आणि सकाळी त्यांखाली जमलेले प्राणी वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी कुजलेल्या खतात मिसळून दिल्यास हुमणीला रोग होतो. हा उपायही नवा नव्हे. १८७९ मध्ये मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने गव्हाच्या भुंगेऱ्यावर तो अभ्यासिला होता. भुकटीच्या झगमगाटात आपण तो विसरलो, इतकेच.

औषध लागेलच, तर ते शेतभर उधळण्याऐवजी शिफारशीच्या मात्रेत फक्त बियाण्याला लावावे, हातमोजे घालावेत आणि उरलेले बी उघड्यावर टाकू नये. पण त्याआधी खुरपे घेऊन एक वीत माती उकरावी. तेथे कोण सापडते, ते पाहून मगच दुकानाची पायरी चढावी.