गॅल्व्हॅनिक क्षरण : ॲल्युमिनियमची स्कूबा सामग्री

दोन निराळे धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि दोघांना एकच वीजवाहक पाणी भिजवत असेल, तर त्यांतला अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो आणि दुसरा त्याच्या जिवावर टिकतो. या झिजेला गॅल्व्हॅनिक क्षरण म्हणतात. झिजणारा धातू धनाग्र, टिकणारा ऋणाग्र. स्कूबा डायव्हिंगच्या सामग्रीत धनाग्र होण्याची पाळी जवळजवळ नेहमी ॲल्युमिनियमवर येते. हवेचे सिलिंडर ६०६१ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, पण त्यावरचा व्हॉल्व्ह क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचा. पाठीवरची बॅकप्लेट ॲल्युमिनियमची, तिचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या पेटीची गतही तीच. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि पितळ यांच्या विभवांत सुमारे ०.४ व्होल्टचा, तर ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांच्यात सुमारे ०.७ व्होल्टचा फरक पडतो. हे सुटे भाग वेगवेगळे समुद्रात ठेवले तर बराच काळ तग धरतात; जोडले की झीज सुरू होते. म्हणून दोष धातूचा नसून सांध्याचा आहे, आणि बंदोबस्त सांध्याचाच करावा लागतो.

पाण्याचा वाटा किती, हे महाराष्ट्रातल्याच दोन पाण्यांवरून कळते. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पैठणच्या नाथसागरासारख्या जलाशयाचे गोडे पाणी त्या मानाने शंभरपट कमी वीजवाहक. गोड्या पाण्यात वीजप्रवाह दूर पोचत नाही, त्यामुळे झीज झालीच तर सांध्याला लागून, अरुंद कडेपुरती होते. समुद्रात ती दूरवर पसरते. यावरून कोणी म्हणेल की शेंद्रा-संभाजीनगरसारख्या कोरड्या गावी सामग्री ठेवली की प्रश्न मिटला. तो मिटत नाही. सामग्री पाण्यात असते तासभर, कपाटात असते महिनोन्‌महिने, आणि झिजेचे बरेचसे काम या कपाटातल्या काळात होते. आट्यांत अडकलेले मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांपुढे गेली की पाणी ओढून घेते, आणि समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेलाही पाझरतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच इथे घडते. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते आणि सामग्री नेमकी त्याच दमट महिन्यांत पडून राहते. शेंद्र्याच्या एप्रिलमध्ये हा सांधा कोरडा असेल. जुलैत तो तिथेही जागा होतो.

ॲल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, मग भीती कसली, असा एक आक्षेप घेतला जातो. पापुद्रा खरा, आणि साधारण ४ ते ८.५ सामूच्या पाण्यात तो टिकतोही. पण तो काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि क्लोराइड त्याला जागोजागी भोके पाडतो. जर्मनच्या भांड्यात खारे पदार्थ ठेवून तळाला टोचे पडलेले घरोघरी पाहिलेले असतात. जोडीला पितळ किंवा स्टील आले की ही भोके भरून यायला सवडच मिळत नाही. धनाग्रीकरणाने पापुद्रा काही मायक्रोमीटरपर्यंत जाड होतो, त्याचा फायदा निश्चित आहे. पण बोल्ट आवळताना तो सांध्यावरच खरवडला जातो. रंगाबाबत तर सहज सुचणारी युक्ती उलटी पडते. झिजणारा भाग ॲल्युमिनियम, म्हणून फक्त ॲल्युमिनियम रंगवले आणि रंगाला एक ओरखडा पडला, तर स्टीलच्या मोठ्या पृष्ठभागाचा सगळा भार त्या ओरखड्यावर येतो आणि तिथे खोल खड्डा पडतो. रंगवायचेच तर ऋणाग्रही रंगवावे. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टीलचे चार बोल्ट चालून जातात. स्टीलच्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट म्हणजे आत्मघात. शिवाय सिलिंडरवर भट्टीत भाजायचा रंग देणे हा निव्वळ धोका आहे, कारण सुमारे १७५ अंश सेल्सिअसच्या पुढे ६०६१ ची उष्णतेने कमावलेली ताकद उतरते.

उपाय वीजमार्ग तोडण्याचा. १७६१ साली ब्रिटिश आरमाराच्या 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले आणि १७६३ मध्ये पाहिले, तर बरेच खिळे खाऊन गेले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो जिथे चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. गॅल्व्हॅनीच्या बेडकांच्या प्रयोगांआधीची ही गोष्ट, आणि आजचा नायलॉनचा वायसर तेच काम करतो. मात्र वायसर डोक्याखाली घालून भागत नाही. बोल्टची दांडी भोकाच्या कडेला टेकते, म्हणून तिच्यावर नळीही हवी. जिथे वायसर बसत नाही, तिथे पाण्याला जागाच उरू नये म्हणून आटे ग्रीसने भरावेत. तांब्याची पूड किंवा ग्रॅफाइट असलेले ग्रीस इथे वर्ज्य, कारण दोन्ही ॲल्युमिनियमला ऋणाग्र ठरतात. सिलिंडरच्या आट्यांना खनिज तेलाचे ग्रीसही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनयुक्त हवेत ते पेट घेऊ शकते.

शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होतात. मोटारींच्या धंद्यात पोलादी बोल्टवर जस्ताचा लेप देऊन बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्या विभवांतला फरक कमी करण्याची रीत आहे, म्हणून तिथला अभियंता रास्तपणे विचारील की तेच इथे का करू नये. करता येते, पण मोटारीच्या बोल्टला पावसाचे पाणी लागते आणि या बोल्टला समुद्र. पातळ लेप त्यात लवकर संपतो. जहाजाला लावतात तसा जस्ताचा ठोकळाही मर्यादित उपयोगाचा. बुडालेल्या जहाजाभोवती समुद्र सलग असतो, कपाटातल्या सामग्रीवर ओलाव्याचा नुसता पदर असतो, आणि त्या पदरातून जस्ताचे संरक्षण फार लांब पोचत नाही. गोड्या पाण्याने धुणे याहून कितीतरी मोलाचे, पण वरून नळी मारणे म्हणजे धुणे नव्हे. सामग्री बुडवून ठेवावी, सिलिंडरचा रबरी बूट काढावा, बॅकप्लेटचे बोल्ट मोसम संपताना सोडवून आटे कोरडे करावेत.

या सगळ्याचा बाऊही करू नये. काही जुनी सिलिंडरे मानेशी तडकून फुटली, ती ६३५१ या मिश्रधातूची होती आणि सततच्या दाबाने पडलेल्या भेगांमुळे फुटली. त्याचा गॅल्व्हॅनिक क्षरणाशी संबंध नाही. सिलिंडरची जाड भिंत या क्षरणाने सहसा जात नाही, जातात ते मानेचे आटे. व्हॉल्व्हच्या तळाची ओ-रिंग धड असेल आणि सिलिंडर समुद्रात पूर्ण रिकामे केले नसेल, तर आतून आट्यांपर्यंत खारे पाणी पोचत नाही; बाहेरून पोचते, आणि पांढऱ्या भुकटीने व्हॉल्व्ह जखडतो. असा व्हॉल्व्ह घरी पान्याने उघडू नये. भारतात सिलिंडरची ठरावीक मुदतीची तपासणी गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली होते, आणि त्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. तिच्या मान्यताप्राप्त केंद्रातच तो उघडून घ्यावा.