शाळेची चूल



शाळेतल्या खिचडीला नावे ठेवणारे पुष्कळ. कित्येकांना ती गरिबांवरची मेहरबानी वाटते. परंतु तिचा इतिहास पाहिला, म्हणजे निराळीच गोष्ट ध्यानात येते. संकटात ज्यांच्या घरची चूल विझली, अशा कित्येक मुलांना शाळेच्या चुलीने आधार दिला आहे.

महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. पण ती मदत दुष्काळापुरतीच होती. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे मद्रास राज्याने आधीच ओळखले होते. तेथे १९५६ साली मुख्यमंत्री कामराज यांनी प्राथमिक शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्या कार्याचा मोठा विस्तार केला.

केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तथापि बहुतेक राज्ये शिजवलेल्या जेवणाऐवजी दरमहा ३ किलो धान्य देत. घरी नेलेले धान्य साऱ्या कुटुंबात वाटले जाते. शाळेतले ताट मात्र मुलाच्याच पोटात जाते.

२००१ साली राजस्थानसारख्या राज्यांत दुष्काळ होता आणि सरकारी कोठारे धान्याने भरलेली होती! हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण वर्षातून किमान २०० दिवस देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही जेवण देणे आवश्यक ठरले. शाळेला सुटी असते, भुकेला नसते! पुढे आंध्र प्रदेशातील मुलांचा अभ्यास झाला. दुष्काळाने खुंटलेली लहान मुलांची वाढ शाळेच्या जेवणाने भरून निघाल्याचे त्यात आढळले.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क झाले. २०२० साली महामारीने शाळाच बंद पडल्या. तेव्हा १८ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. महाराष्ट्रात तांदूळ व कडधान्ये पालकांच्या हाती देण्यात आली. ताटाची सर शिध्याला येत नाही, हे खरे. पण शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे नाव होते, म्हणूनच तो शिधा त्याच्या दारापर्यंत पोहोचू शकला.

पालकहो, यातून आपण काय शिकावे? हे जेवण भीक नव्हे, आपल्या लेकरांचा हक्क आहे. ते घेण्यात कमीपणा मानू नका. वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून पाहावे, असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही, हे शाळेत जाऊन पाहा. आणि कितीही ओढगस्त आली, तरी मुलाचे, विशेषतः मुलीचे, नाव शाळेतून काढू नका. कारण पटावरचे नाव पुसले, की पुस्तकाबरोबर ताटही जाते.