बिल्टी, मार्का आणि पट्टी

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल आणि निरोप एकाच गाडीने येतात. पुरंदरचा वाटाणा किंवा सीताफळ गुलटेकडीला उतरते तेव्हा शेतकरी सोबत असतोच असे नाही. गाडीवाला गावातल्या अनेकांचा माल एकदम आणतो. कोणता डाग, म्हणजे मालाचा नग, कोणाचा, हे पोत्यावर रंगवलेला मार्का सांगतो. किती डाग कोणत्या गाळ्यावर टाकायचे, हे चिठ्ठी किंवा बिल्टी सांगते. माल विकला की आडत्या हिशेबपट्टी लिहितो: नाव, गाव, डाग, वजन, भाव, खाली हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा, शेवटी हातात पडणारी रक्कम. कार्बनची प्रत दप्तरी राहते आणि मूळ पट्टी गाडीवाल्याच्या खिशातून गावी जाते. गावाला ती पट्टी म्हणजे पावतीही आणि बाजाराची खबरही, कारण एकाची पट्टी पारावर चार जण वाचतात.

ही रीत मार्केट यार्डाहून जुनी आहे. भाजीचा बाजार १८८६ साली उभ्या राहिलेल्या रे मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत भरे, तर भुसाराचा पेठांमध्ये. गुलटेकडीला घाऊक व्यापार नंतर आला. तार आणि ट्रंक कॉल व्यापाऱ्यांना मिळाले. पण कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहायची आणि घाई असेल तर ‘लायटनिंग’चे जबर दर मोजायचे, हे पेढीला परवडे, शेतकऱ्याला नाही.

गाडीच्या निरोपाला रस्ता मात्र लागतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, मुठेवरचे पूल पाण्याखाली गेले आणि दोन काठांमधली ये-जा तुटली. अशा वेळी चिठ्ठीही अडते. ती उणीव काही अंशी रेडिओने भरून काढली. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि बाजारभाव विजेशिवाय, बॅटरीच्या सेलवर ऐकू येऊ लागले. २००५ नंतरच्या भारनियमनात, अर्धा दिवस वीज नसलेल्या गावांत, ही सोय किती मोलाची होती ते वेगळे सांगायला नको.

विजेवाचून चालणारी प्रत्येक जुनी रीत चांगलीच होती, असे मात्र नाही. ‘हत्ता’ घ्या. महाराष्ट्रातल्या अनेक बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटे दाबत आणि भाव ठरे. एक बोट म्हणजे एक, दहा की शंभर, हे चालू भावावरून दोघांनाच कळे. गोंगाटात, एक शब्दही न बोलता, सौदा पुरा होई. पण ज्याचा माल, तोच शेजारी उभा राहून अडाणी ठरे. बाजार नियमनाच्या कायद्यांनी, राज्यात १९६३ च्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी, उघड लिलावाचा आग्रह धरला तो यासाठीच. मोठ्याने पुकारलेल्या बोलीलाही वीज लागत नाही, आणि ती सगळ्यांना ऐकू येते.

आता भाव मोबाइलवर येतो आणि पैसे खात्यात. नेटवर्क गेले तर फोन आणि पैसे अडकतात. पुकारा, मार्का आणि हाताने लिहिलेली पट्टी यांचे काही अडत नाही. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पट्टीपुस्तक मात्र अजून गाळ्यावर असते.